दोनशे जागा आणि एक खोली

२०२२ च्या ऑगस्टमध्ये माझ्या पीएच.डी. नोंदणीचे पत्र आले, तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी अभिनंदन करून लगेच विचारले, "फेलोशिपचं काय करणार आहेस?" आमच्या विद्यापीठात हा प्रश्न विषय कोणता, पद्धती कोणती यांच्याही आधी विचारला जातो, आणि त्यात काही वावगे नाही. माझा विषय सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव या दुष्काळी तालुक्यांतील चारा छावण्यांच्या अर्थकारणाचा होता. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन दुष्काळांत छावणीत जनावरे घेऊन राहिलेल्या कुटुंबांना भेटायचे, त्यांचा खर्च, कर्ज आणि विकलेल्या जनावरांचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्यायचा आणि तो सरकारी अनुदानाच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहायचा, असे काम होते. त्यासाठी दहिवडी, म्हसवड, वडूज या पट्ट्यात महिनोन्महिने हिंडावे लागणार होते. एसटीचे भाडे, मुक्काम, माहिती गोळा करायला सोबतीला घेतलेल्या मुलाचे मानधन, झेरॉक्स, टंकलेखन हे सगळे कुठून आणायचे, याचे उत्तर असल्याशिवाय नोंदणीचे पत्र म्हणजे नुसता कागदच होता.

मी त्या वेळी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर एका मैत्रिणीबरोबर राहत होते. खोलीत दोन लोखंडी पलंग, एक टेबल आणि आळीपाळीने वापरायची एक खुर्ची होती. मैत्रीण सांगोल्याकडची, मराठी विभागातली. मेंढपाळांच्या बोलीतील शब्दांवर ती काम करत होती. मेंढीच्या वयाला, रंगाला, शिंगांच्या वळणाला किती वेगवेगळे शब्द आहेत ते ती रात्री वहीतून वाचून दाखवायची आणि मी तिला छावणीतल्या दावणींचे आकडे सांगायचे. तिचा आराखडा मी तपासला, माझ्या आराखड्यातील मराठी तिने सुधारले. आराखड्याला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे, सादरीकरण करायच्या आदल्या रात्री आम्ही एकमेकींना समितीतील सदस्यांसारखे खोचक प्रश्न विचारून पहाटे तीनपर्यंत जागलो होतो. हे सगळे सांगते, कारण पुढे जे गेले त्यात पैशांच्या आधी हे गेले.

राज्य सरकारच्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या स्वायत्त संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरातीत आणि शासन निर्णयात शब्द अधिछात्रवृत्ती असतो, पण आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून तो कधी बाहेर पडला नाही. सगळे फेलोशिपच म्हणत. तिचे स्वरूप विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधकांसारखे होते. पहिली दोन वर्षे दरमहा ३१,००० रुपये, पुढची तीन वर्षे ३५,००० रुपये, शिवाय शहराच्या वर्गवारीप्रमाणे घरभाडे आणि वार्षिक किरकोळ खर्चाची रक्कम. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून हे आकडे ३७,००० आणि ४२,००० केले, पण आम्ही जुन्याच आकड्यांवर हिशेब मांडत होतो आणि तेवढ्यानेही आमचे भागले असते. या तीनपैकी माझी आणि मैत्रिणीची संस्था कोणती, हे सांगितले नाही तरी चालेल, कारण त्या दोन वर्षांत तिन्हीकडच्या अर्जदारांची गोष्ट एकच होती.

मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासाला ९०० रुपये हा दर ऐकायला बरा वाटतो, पण माझ्या वाट्याला आठवड्याला पाच तास होते, सुट्टी आणि परीक्षांच्या काळात शून्य, आणि झालेल्या तासांचे बिल सहा-सात महिन्यांनी निघायचे. फेलोशिपसाठी मात्र पूर्णवेळ संशोधक असल्याचे आणि कोठूनही वेतन वा मानधन घेत नसल्याचे प्रतिज्ञापत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून द्यायचे होते. फेलोशिप मिळाल्यावर काम सोडले तर चालते का, हे मी तीन ठिकाणी विचारले आणि तीन उत्तरे मिळाली. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये, नवे सत्र सुरू व्हायच्या आत, मी प्राचार्यांना पत्र देऊन मोकळी झाले. खोटे प्रतिज्ञापत्र करायचे धाडस माझ्यात नव्हते, हे एक कारण. आणि दुसरे, खरे सांगायचे तर, फेलोशिप चार-सहा महिन्यांत सुरू होईल अशी माझी खात्री होती. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. तिने फोनवर एवढेच विचारले, "पत्र आलंय का हातात?" मी म्हणाले, येईल. ती पुढे काही बोलली नाही. त्या महिन्यापासून चाकणला नोकरी करणारा माझा भाऊ मला सहा हजार रुपये पाठवू लागला.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची छापील प्रत सर्व जोडपत्रांसह पोस्टानेही पाठवायची, असा दुहेरी व्याप होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नोंदणीचे पत्र, आराखडा, मार्गदर्शकांचे पत्र, विभागप्रमुखांचे पत्र, संशोधन केंद्राचे पत्र. अडीच महिन्यांनी माझ्या नावापुढे 'त्रुटी' असा शेरा आला. कसली त्रुटी, ते शेऱ्यात नव्हते. संबंधित कार्यालयातला फोन दोन दिवस उचलला गेला नाही, तेव्हा मी रात्रीची गाडी पकडून स्वतः गेले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझी फाइल शोधली, पाने उलटली आणि मार्गदर्शकांच्या पत्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. पत्राला जावक क्रमांक नव्हता. मॅडमनी ते स्वतःच्या शीर्षपत्रावर, सही-शिक्क्यासह दिले होते. मात्र विभागाच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली नव्हती. त्या गृहस्थांचा आवाज जराही चढलेला नव्हता. "मॅडम, क्रमांक नसेल तर ते पत्र निघालंच नाही असं होतं," असे त्यांनी मला समजावून सांगितले आणि त्यांच्या परीने ते बरोबरच होते. मी कोल्हापूरला परत आले, नव्या पत्रावर क्रमांक घेतला आणि पुन्हा गेले. दोन फेऱ्या, दोन रात्री आणि भावाच्या सहा हजारांतले साडेअकराशे रुपये त्या एका क्रमांकापायी गेले.

तोपर्यंत जागांची चर्चा सुरू झाली होती. खरे तर ती आमच्या आधीच्या तुकडीपासूनच सुरू होती. २०२३ च्या आरंभी बार्टीचे संशोधक मुंबईत आझाद मैदानावर बसले होते, कारण पात्र ठरलेल्या ८६१ जणांपैकी फक्त २०० जणांना फेलोशिप देण्याचे ठरले होते. त्या वेळी मी ती बातमी वाचली, वाईट वाटून घेतले आणि माझ्या कामाला लागले. दुसऱ्याच्या शेतात गारपीट झाल्याची बातमी वाचावी तसे ते वाचन होते. पुढे ३० ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाने या सर्व संस्थांच्या योजनांना एकच समान धोरण लावण्यात आले आणि २०० हा आकडा आमच्याही डोक्यावर येऊन बसला. आधीच्या तुकड्यांत याहून कितीतरी जास्त जणांना फेलोशिप मिळाली होती. आता पात्रतेची कागदपत्रे पुरेशी नव्हती. चाळणी परीक्षा होणार होती.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने त्या रात्री वहीत हिशेब मांडून पाहिला. ८६१ जणांना दरमहा ३१,००० रुपये म्हणजे वर्षाला सुमारे ३२ कोटी. २०० जणांना तेच सुमारे ७ कोटी ४४ लाख. घरभाडे बाजूला ठेवले तर एका तुकडीमागे वर्षाला वाचणार होते साडेचोवीस कोटींच्या आसपास. त्या वर्षीचा राज्याचा महसुली खर्च साडेचार लाख कोटींच्या वर होता. म्हणजे दर दहा हजार रुपयांमागे जेमतेम अर्धा रुपया. सरकारकडे पैसे नाहीत, हे मी एरवी समजून घेऊ शकले असते, कारण दुष्काळाच्या वर्षी तिजोरीची ओढाताण कशी होते हाच माझा अभ्यास आहे. २०१९ मध्ये छावणीतल्या मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान ७० रुपयांवरून ९० आणि अखेर १०० रुपये करताना किती बैठका झाल्या, हे मी कागदपत्रांत पाहिले होते. पण ही कपात ओढाताणीतून आलेली वाटत नव्हती. वर्षानुवर्षे संख्या वाढत जाणाऱ्या एका गटाला कुठेतरी थांबवायचे आहे आणि त्यासाठी गोल आकडा हाताशी बरा पडतो, असेच ते दिसत होते. माण तालुक्यात किती जनावरे आहेत हे न मोजता छावणीचे खुंटे आधीच मोजून ठेवण्यासारखा हा प्रकार होता.

याची दुसरी बाजू मला माहीत नाही असे नाही. फेलोशिपसाठीच नोंदणी केलेले, विषयाचे नाव तालुका बदलून पुन्हा वापरणारे, पाच वर्षे हप्ते घेऊन प्रबंध न देणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्याच अभ्यासिकेत असे दोघे होते आणि ते आम्हाला चहा पाजत असत. त्यांना अडवायला हवे, याबद्दल माझे दुमत नाही. पण विद्यापीठाच्या पातळीवर पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क आणि आरआरसी एवढ्या चाळण्या आधीच लागलेल्या असतात, आणि सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा, प्राध्यापकाला आठ इतकेच विद्यार्थी घेता येत असल्याने संख्येलाही लगाम असतोच. ज्याच्या विषयाला तज्ज्ञांच्या समितीने मान्यता दिली आहे, त्याला पुन्हा अध्यापन क्षमता, तर्क आणि आकलनाचे सर्वसाधारण प्रश्न विचारून संशोधक म्हणून तो कितवा, हे कसे ठरणार? मेंढ्यांच्या शब्दांवर काम करणारी, चारा छावण्यांवर काम करणारी आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारा असे तिघेही एकाच प्रश्नपत्रिकेवर क्रमाने लावले जाणार होते. सहामाही प्रगती अहवाल काटेकोरपणे तपासले असते तर ते चहा पाजणारे दोघे आपोआप गळले असते. पण अहवाल तपासायला माणसे लागतात. उत्तरपत्रिका यंत्र तपासते.

परीक्षेची तारीख २४ डिसेंबर २०२३ ठरली. त्याआधी बारा दिवस, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत सतेज पाटील यांनी सारथीच्या जागा २०० वर आणल्याचा प्रश्न काढला आणि त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल केला. मेसमध्ये आम्ही सात-आठ जणींनी ती चित्रफीत एकाच मोबाइलवर पाहिली. राग आला असे म्हणणे सोपे आहे. पण पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती, आणि मग एकजण म्हणाली की माझे वडीलही हेच विचारतात, फक्त दिव्याऐवजी लग्न म्हणतात. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे महिनाभर आमच्याकडे कोणाचीही खोली रात्री उशिरापर्यंत उजळलेली दिसली की 'दिवा लागला' असे म्हणायची पद्धत पडली.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगते. नोव्हेंबरमध्ये कागदपत्रांच्या कामासाठी पुण्याला गेले असताना मी अप्पा बळवंत चौकातून सेट या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा उत्तरांसहित संच घेतला. आमच्या परीक्षेचे स्वरूप सेटच्या पहिल्या पेपरसारखेच असणार, अशी कुणकुण होती. तो संच मी कोल्हापूरला आणला, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले आणि पलंगाखालच्या ट्रंकेच्या मागे ठेवला. मैत्रिणीला सांगितले नाही. ती सकाळी विभागात गेली की मी घड्याळ लावून एकेक पेपर सोडवायचे आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि गुण लिहायचे. तिने एकदा विचारलेही होते, "तू काय वाचतेस गं त्या परीक्षेसाठी?" मी म्हणाले, "नेट परीक्षेच्याच नोट्स." हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. आरआरसीच्या आदल्या रात्री तिच्यासाठी पहाटेपर्यंत जागणारी मी आणि पेन्सिलीने गुण लिहिणारी मी यांच्यात सव्वा वर्षाचे अंतर होते. जागा दोनशे होत्या आणि आम्ही एकाच यादीत होतो. ती मागे राहिली तर माझा क्रमांक एकाने वर जाणार होता. असा विचार मी शब्दांत कधी केला नाही, पण ट्रंकेमागे पुस्तक ठेवणाऱ्या हाताला तो कळलेला असणार.

२४ तारखेला रविवार होता. आम्ही दोघी आदल्या रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो, स्वारगेटला उतरून स्वच्छतागृहात तोंड धुतले, चहाबरोबर क्रीमरोल खाल्ला आणि केंद्रावर पोचलो. आमचे वर्ग वेगवेगळे होते. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पहिल्या दोन प्रश्नांना मला काही वाटले नाही. तिसऱ्या प्रश्नाला शंका आली. चौथा वाचला तेव्हा पर्याय पुरते वाचायच्या आधीच उत्तर आठवले. ते कसे काढले ते आठवले नाही, नुसते अक्षर आठवले. मी पान उलटले, पुढचे पाहिले, त्याच्या पुढचे पाहिले. २०१९ च्या सेटची ती प्रश्नपत्रिका होती, जशीच्या तशी. मी ती दोनदा सोडवली होती, दुसऱ्या वेळी घड्याळात अर्धा तास शिल्लक ठेवून.

त्या वर्गात माझ्या मनात काय झाले ते लपवून उपयोग नाही. संताप आधी आला नाही. आधी पोटात गोळा आला आणि मग एक हलकेपणा आला, की आपण दोनशेत आहोत. मी गोल रंगवत गेले. मागच्या बाकावरच्या मुलाने पर्यवेक्षकांना उभे राहून सांगितले की सर, हा जुना पेपर आहे. त्यांनी त्याला खाली बसवले. तेव्हाही मी रंगवतच होते. बाहेर आल्यावर पटांगणात गोंधळ चालला होता, कोणीतरी मोबाइलवर २०१९ चा पेपर उघडून दोन्ही शेजारी धरून दाखवत होते, घोषणा सुरू झाल्या होत्या. मैत्रीण गर्दीच्या कडेला उभी होती. परतीच्या गाडीत कात्रजचा घाट ओलांडेपर्यंत ती गप्प होती. मग तिने विचारले, "कितव्या प्रश्नाला कळलं तुला?" मी म्हणाले, चौथ्या. "मला बाहेर आल्यावर कळलं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले.

ती परीक्षा रद्द झाली आणि १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घ्यायचे ठरले. आम्ही पुन्हा तीच एसटी पकडली. या वेळी प्रश्नपत्रिका वाटल्याबरोबरच आरडाओरडा झाला, कारण काही संचांना सील नव्हते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुले उठून उभी राहिली. मी दहा-पंधरा मिनिटे बसून होते. बहिष्कारात सामील न होणाऱ्यांचीच गुणवत्ता यादी लागली तर काय, हा हिशेब मी त्याही वेळी करत होते. मग दरवाज्यातून मैत्रीण बाहेर पडताना दिसली, आणि मी उत्तरपत्रिका उलटी ठेवून उठले. तत्त्वासाठी उठले असे मी पुढे काही जणांना सांगितले. तत्त्व होते, पण एकटीने आत बसण्याची लाजही तेवढीच होती.

त्यानंतरचे सहा महिने सांगण्यासारखे फारसे नाहीत. निवेदने दिली, एका कार्यालयासमोर दिवसभर बसलो, आमदारांच्या दारात उभे राहिलो. एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आझाद मैदानात दोन दिवस काढले. मैदानावर ताडपत्रीखाली बसून एकजण आपल्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण मांडीवरच्या लॅपटॉपवर लिहीत होता आणि दर तासाला चार्जिंगसाठी स्टेशनात जाऊन येत होता. आपल्या मागण्यांचा कागद वाचताना माझ्या लक्षात आले की त्यात संशोधनाबद्दल एकही वाक्य नाही. सगळी वाक्ये दिनांक, टक्के आणि संख्या यांचीच आहेत. तो कागद मीच टंकलिखित केला होता.

मार्चमध्ये मैत्रिणीने खोली सोडली. सांगोल्याजवळच्या एका खाजगी शाळेत तिला शिकवायचे काम मिळाले होते आणि घरी आता आणखी थांबायला कोणी तयार नव्हते. सामान बांधताना तिने तिची पेटी ओढण्यासाठी माझी ट्रंक बाजूला सरकवली. मागे वर्तमानपत्राचे कव्हर घातलेला संच होता. तिने तो उघडला, पेन्सिलीच्या तारखा पाहिल्या, २०१९ च्या पेपरवर लिहिलेले दोन्ही वेळचे गुण पाहिले. मी टेबलाशी बसून होते. तिने कव्हरवरची धूळ हाताने पुसली, संच टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे तुझं राहिलं होतं बघ खाली." मग आम्ही दोघींनी मिळून तिची पेटी जिन्यावरून खाली नेली. रिक्षात बसताना तिने मेंढ्यांच्या शब्दांची वही पिशवीत आहे ना, ते दोनदा चाचपून पाहिले.

२०२४ च्या पावसाळ्यात सरकारने परीक्षेचा आग्रह सोडला आणि पात्र अर्जदारांना सरसकट फेलोशिप द्यायचे ठरले; दर मात्र निम्मा. निम्म्याचे पूर्ण व्हावे म्हणून पुन्हा निवेदने सुरू झाली आणि त्यांवर मीही सह्या केल्या. मी मैत्रिणीला फोन केला. तिला शाळा सोडून पुन्हा पूर्णवेळ संशोधक असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागणार होते. ती म्हणाली की शाळेचे पंधरा हजार दर महिन्याच्या सात तारखेला येतात आणि निम्मी फेलोशिप कधी येईल ते तुला तरी माहीत आहे का. मला माहीत नव्हते. संचाचा विषय ना तिने काढला, ना मी काढला. पुढच्या वेळी बोलू, असे मी तेव्हाही ठरवले होते.

त्या सप्टेंबरात मी सव्वा वर्षानंतर म्हसवडकडे क्षेत्रकामाला गेले. २०१२-१३ च्या छावणीत अकरा जनावरे घेऊन चौदा महिने राहिलेले एक आजोबा माझ्या यादीत पहिले होते. त्यांनी छावणीतला रोजचा हिशेब एका लाल वहीत लिहून ठेवला होता आणि पहिल्या भेटीत ती नुसती दाखवून, पुढच्या वेळी निवांत बसून सांगतो, असे म्हणाले होते. ते फेब्रुवारीत वारले होते. सुनेने वही शोधून दिली. पाने नीट होती, अक्षर वाचता येत होते, पण आकड्यांपुढे त्यांनी केलेल्या खुणांचा, फुल्यांचा आणि अर्ध्या वर्तुळांचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नव्हता. बहुधा उसनवारीच्या खुणा असाव्यात, असा माझा अंदाज आहे. प्रबंधात तो अंदाज म्हणूनच जाईल.

फेलोशिपचा पहिला हप्ता मिळण्यासाठी मागील सर्व सहामाहींचे प्रगती अहवाल मार्गदर्शकांच्या सहीने सादर करायचे होते. जुलै ते डिसेंबर २०२३ आणि जानेवारी ते जून २०२४ अशा दोन सहामाहींच्या तक्त्यांत 'या कालावधीत केलेले संशोधनकार्य' असा चार ओळींचा रकाना होता. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी दोन्हीकडे 'संदर्भसाहित्याचे वाचन व आढावा' असे लिहिले. मॅडमनी ते वाचले, चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही कागदांवर सही केली. मग त्यांनी शिपायाला हाक मारून सांगितले की हे आधी नोंदवहीत घाला आणि जावक क्रमांक टाकून मगच हिच्या हातात द्या.